रानभाजी खावी, पण ओळखून



मृगाचा पाऊस पडून तीन-चार आठवडे झाले की दवाखान्यातल्या रोग्यांचे प्रकार बदलतात. हिवताप, हगवण, अंगावरचे पुरळ सुरू होतात. त्याच सुमारास पाटणी चौकाकडच्या भाजीबाजाराचा रंगही बदलतो. एरवी कोबी, वांगी, टमाटे यांच्या ढिगाऱ्यापुढे कोणी मान वर करून पाहत नाही. पण श्रावण जवळ आला की रस्त्याच्या कडेला पोत्यावर चार-चार वाटे मांडून बसलेल्या बायांभोवती गर्दी दिसते. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून, मालेगावच्या जंगलपट्ट्यातून पहाटेच्या गाडीने आलेल्या या बाया. त्यांच्या पोत्यावर करटुली असतात, वाघाटी असतात, तरोट्याच्या कोवळ्या शेंड्यांच्या जुड्या असतात, कधी हेट्याची फुले असतात. आणि नशीब असेल तर पळसाच्या पानात बांधलेले टेकोडे.

मागच्या आठवड्यात मी अशाच एका म्हातारीपाशी थांबलो. "माय, कशी देल्ली करटुली?" असे विचारले. तिने भाव सांगितला. मी जरा चपापलो. ती म्हणाली, "बापू, काट्यात हात घालून आणली हायेत. तुह्या दवाखान्यात सुई टोचाचे किती घेतं?" यावर मला उत्तर सुचले नाही. करटुली घेतली आणि निमूटपणे घरी आलो.

घरी येईपर्यंत मनात हाच विचार होता की यंदा या विषयावर लिहायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत रानभाज्यांबद्दल माझ्याकडे दोन तऱ्हेचे लोक येतात. काही जण मोबाईलवर फिरणारे संदेश वाचून येतात. करटुली म्हणजे जगातली सर्वांत ताकदवान भाजी, तिने मधुमेह बरा होतो, मग गोळ्या बंद करू का, असे विचारतात. आणि काही जण येत नाहीत, त्यांना आणावे लागते, ओकाऱ्या करत. दोघांनाही सांगण्यासारखे काही आहे.

भुकेची भाजी

आमची आई १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची. मी तेव्हा पाळण्यात होतो, त्यामुळे मला आठवायचा प्रश्न नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बाया येताना पदरात तरोटा खुडून आणायच्या. मिलोची लाल भाकर, सुकडी आणि तरोट्याची भाजी यांवर कित्येक घरांनी ते वर्ष काढले. म्हणूनच पुढे बरीच वर्षे आमच्या घरी तरोटा शिजला की वडील ताट सरकवून द्यायचे. ज्याने भुकेपोटी खाल्ले त्याला ती चव नकोशी होते, आणि ज्याने भूक पाहिली नाही तो आता तीच भाजी महोत्सवात जाऊन हौसेने खातो. राज्याच्या कृषी खात्याने २०२० पासून ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव सुरू केले, ते चांगलेच झाले. निदान शहरातल्या पोरांना करटुल्याचा वेल असतो, झाड नव्हे, एवढे तरी कळले.

आपल्या जिल्ह्याला या भाज्यांची गरज आहे का? माझे उत्तर स्पष्ट आहे : आहे. २०१८ साली केंद्र सरकारने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांना 'आकांक्षित' असे गोंडस नाव देऊन यादी केली. महाराष्ट्रातून त्यात चार जिल्हे होते : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि आपले वाशीम. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी शंभरात ५४ जणींच्या रक्तात लोह कमी आढळले, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण शंभरात जवळपास ६९ होते. माझ्या टेबलापुढे येणाऱ्या बायांच्या पापण्या मी रोज खाली ओढून पाहतो. मला हे आकडे जास्त वाटत नाहीत.

तरोटा, कुर्डू, तांदुळजा, काटेमाठ, केना, घोळ, चिवळ, आघाड्याचा कोवळा पाला या सगळ्या पालेभाज्यांत लोह आहे, चुना आहे, फॉलिक आम्ल आहे, आणि 'अ' जीवनसत्त्व तयार करणारे द्रव्य भरपूर आहे. घोळीत तर मासळीच्या तेलात असते त्याच घराण्यातले एक स्निग्ध द्रव्य थोडेसे सापडते, जे पालेभाजीत क्वचित असते. एवढे सगळे बांधावर फुकट.

पण इथेच एक गोष्ट नीट समजून घ्या. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० च्या शिफारशीत म्हटले आहे. भाकरी, वरण, भाजी यांतून जे लोह पोटात जाते त्यातले शंभरातले जेमतेम पाच-आठ भाग रक्तात उतरतात, बाकीचे जसे गेले तसे बाहेर पडते. म्हणून ज्या पोरीचे हिमोग्लोबिन सहावर आले आहे तिला सासूने तरोट्याची भाजी खाऊ घालून भागत नाही. तिला लोहाच्या गोळ्याच लागतात, आणि पोटात जंत असतील तर आधी जंताचे औषध. भाजी ही हिमोग्लोबिन पुन्हा घसरू नये म्हणून. एवढा फरक लक्षात ठेवला तर गोळ्या आणि भाजी यांचे भांडण राहत नाही.

भाजीतले लोह जास्त उतरावे असे वाटत असेल तर ताटावर लिंबू पिळा. अंबाडीची किंवा चिंचेची आंबट चवही चालते. आणि जेवल्या-जेवल्या चहाचा कप ओढू नका. चहातला कषाय रस लोहाला धरून ठेवतो. जेवण आणि चहा यांत तासा-दीड तासाचे अंतर असू द्या. हे मी तीस वर्षे सांगतो आहे आणि तीस वर्षे लोक मान डोलावून समोरच्या टपरीवर जातात, ते मला खिडकीतून दिसते.

दुसरे, भाजी उकळून पाणी फेकायची आपल्याकडे सवय आहे. तरोट्याचे पाणी काढावे लागते, कारण नाहीतर ती उग्र लागते आणि काहींना पोट सुटते. पण तांदुळजा, केना, माठ यांना ही शिक्षा कशाला? 'क' जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. आधी निवडा, धुवा, मग चिरा, आणि थोड्या तेलात झाकण ठेवून वाफवा. तेल हवेच. 'अ' जीवनसत्त्वाचे द्रव्य स्निग्ध पदार्थाशिवाय आतड्यातून शोषले जात नाही.

ज्यांना मूतखडा झालेला आहे त्यांनी घोळ, चिवळ, माठ, अंबाडी बेतानेच खावी. यांत ऑक्झॅलेट नावाचे क्षार असतात आणि तेच बहुतेक खड्यांत सापडतात. मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांनी आणि हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू नये. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी करटुली जरूर खावी. तेलात परतलेली करटुली ही बटाट्यापेक्षा केव्हाही बरी. गोळी मात्र चालू ठेवावी.

टेकोड्याची भाजी आणि माझी चूक

आता जरा जड विषयाकडे येतो. टेकोडे, सात्या, अळंबी, कुत्र्याची छत्री, नावे गावोगाव वेगळी आणि दुर्दैवाने एकच नाव दोन वेगळ्या छत्र्यांनाही असते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातली सकाळ. आमच्याकडे एक बाई, तिचा नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा, असे तिघे एकदमच आले. पहाटेपासून ढाळ आणि ओकाऱ्या. "डाक्टरसाहेब, पाच वाजल्यापासून उभं राहू देत नाई," नवरा म्हणाला. त्या दिवसांत गावोगाव गढूळ पाण्याने हगवण चालू होती. मी विचारले, "सकाळी काय खाल्लं?" "काईच नाई." सलाईन लावले, ओकारी थांबायचे इंजेक्शन दिले, मीठ-साखरेचे पाणी प्यायला सांगितले. संध्याकाळपर्यंत तिघांनाही बरे वाटले आणि ते घरी गेले. मीही खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा राहिलेले पैसे द्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, "परवा रात्री टेकोड्याची भाजी लय बेस झाली होती, तिचा स्वाद पन गेला पाहा सगळा." माझ्या हातातला पेन खाली पडला म्हटले तरी चालेल. रात्री आठला जेवण, पहाटे पाचला ढाळ. मध्ये नऊ तास. मी सकाळचे विचारले होते, रात्रीचे विचारलेच नव्हते. नागपूरला शिकत असताना आमच्या मास्तरांनी घोकून घेतलेला प्रश्न, 'गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले?', तो मी घाईत गिळला होता.

तिघांना परत बोलावले. मुलगा खेळत होता. त्याला काही झालेले नाही असे आईचे म्हणणे. त्याचे रक्त तपासले तर यकृताच्या दाहाचा आकडा, चाळीसच्या आत असायला हवा, तो हजाराच्या वर गेलेला. डोळे पिवळे व्हायचे अजून बाकी होते. त्याच दिवशी सगळ्यांना अकोल्याला पाठवले. मोठी दोघे चार-पाच दिवसांत सुटली. मुलगा तेरा दिवस भरती होता, मधले दोन दिवस तो नीट शुद्धीवर नव्हता. वाचला. कावीळ उतरायला महिना लागला. आजही तो रस्त्यात भेटला की नमस्कार करतो आणि मला ओशाळल्यासारखे होते.

त्या घरात टेकोडे ओळखणारी आजी होती. नेमकी त्या आठवड्यात ती शेगावला गेलेली. मुलानेच बाभळीखालून पांढऱ्या छत्र्या उपटून आणल्या आणि आईला त्या नेहमीच्याच वाटल्या. आजी परत आल्यावर जागा पाहून एवढेच म्हणाली, "इथं वारूळ कुठं हाय?" छत्री नेमकी कोणत्या जातीची होती ते शेवटपर्यंत कळले नाही, कारण उरलेली भाजी केव्हाच उकिरड्यावर गेली होती.

आजीच्या त्या प्रश्नात बरेच शास्त्र आहे. आपण जो खरा टेकोडा खातो तो वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीला येतो. वाळवी काडी-कचरा चावून त्याचा मऊ लगदा करते, त्यावर ही बुरशी वाढते आणि तिचेच अन्न वाळवीला मिळते. पावसाळ्यात ही बुरशी जमिनीवर छत्री काढते, म्हणून तिचा देठ मुळासारखा लांब, थेट वारुळापर्यंत गेलेला असतो. जाणती माणसे छत्री नुसती खुडत नाहीत, खोल उकरून देठ कुठे जातो ते पाहतात. विषारी छत्र्यांपैकी सर्वांत घातक ज्या, त्यांतल्या पुष्कळांच्या देठाच्या बुडाशी पेल्यासारखे आवरण आणि वर गळ्यात झालरीसारखे कडे असते. पण मातीत हात न घालता छत्री मोडून आणली तर पेला मातीतच राहतो आणि खूणच नाहीशी होते. आणि सगळ्याच विषारी छत्र्यांना पेला असतो असेही नाही.

म्हणून हा लेख वाचून कोणी टेकोडे ओळखायला रानात जाऊ नये. वर्तमानपत्र वाचून पोहायला येत नाही, तसेच हे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे ज्ञान आहे, ज्यांनी आजीबरोबर वीस पावसाळे ती जागा पाहिली आहे, त्यांनीच आणावे आणि त्यांच्याकडूनच घ्यावे. मोबाईलवर फोटो पाठवून 'हे चालेल का' असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर नेहमी 'नाही' असेच असते.

काही खुळ्या समजुती घराघरांत आहेत. भाजीत चांदीचे नाणे किंवा लसूण टाकावा, काळा पडला तर विष. किडे-गोगलगाय खाते ती छत्री माणसालाही चालते. मीठ-हळदीच्या पाण्यात उकळले की विष मरते. तिन्ही साफ खोट्या. घातक छत्रीतले विष उकळून, तळून, वाळवून, कशानेही जात नाही. चवीलाही ती वाईट लागत नाही. आमच्या त्या रोग्याला ती 'लय बेस' लागली होती.

विषबाधेची वेळ हाच सर्वांत मोठा इशारा समजा. खाल्ल्यापासून तास-दोन तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या तर बहुधा पोटाचे विष असते. त्रास फार होतो, पण सलाईनने माणूस सहसा सावरतो. ओकाऱ्या-ढाळ सहा तासांनंतर, विशेषतः आठ-दहा तासांनी सुरू झाले तर यकृत धोक्यात आहे असे धरूनच चालावे. त्यात दुसऱ्या दिवशी बरे वाटते, हेच फसवे. आतल्या आत यकृत जळत असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, गुंगी, रक्तस्राव सुरू होतो. दोन तऱ्हेच्या छत्र्या एकत्र शिजल्या असतील तर आधी एकीचा आणि मग दुसरीचा असा दोन्ही त्रास होऊ शकतो. तेव्हा लवकर सुरू झाला म्हणून निर्धास्त होऊ नका.

काही छत्र्यांनी लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात. हे चित्र फवारणीच्या औषधाच्या विषबाधेसारखेच दिसते. म्हणून काय खाल्ले आणि त्या दिवशी फवारणी केली होती का, दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा.

शंका आली तर १०८ ला फोन करा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना सोबत न्या, ज्यांना काही होत नाही त्यांनाही. उरलेली भाजी आणि न शिजलेली एखादी छत्री कागदात गुंडाळून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती सडते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढत बसू नका, तेवढा वेळ रस्त्यावर काढा.

आणि टेकोड्यात मटणाइतकी ताकद असते म्हणून जिवावर उदार होण्याचेही कारण नाही. ताज्या छत्रीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. शंभर ग्रॅममध्ये सुमारे तीन ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सहा असतात. चव मात्र आहे, ती मी नाकारत नाही. खात्रीची मिळाली तर मीही खातो, पण त्याच दिवशी, चांगली शिजवून. दुसऱ्या दिवसासाठी ठेवत नाही.

तरोट्याचा जुळा भाऊ

तरोट्यासारखेच दिसणारे एक झुडूप गावाबाहेरच्या पडीक जागेत वाढते. त्याला कासविंदा म्हणतात. तरोट्याच्या एका काडीवर गोलसर टोकाच्या पानांच्या तीन जोड्या असतात आणि रात्री ती पाने मिटतात. कासविंद्याची पाने टोकदार, चार ते सहा जोड्यांची आणि चुरगाळली की घाण वास येतो. तरोट्याची शेंग लांब, बारीक, वाकडी, कासविंद्याची चपटी. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात दरवर्षी थंडीच्या सुमारास लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. बरीच वर्षे ती मेंदूज्वराची साथ समजली गेली. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले, आणि २००७ साली ते प्रसिद्ध झाले, की ही मुले खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतले बी खात होती. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर त्याचा घाला पडतो. शाळेच्या मागे, बकऱ्या चारताना पोरे काय तोंडात टाकतात याकडे लक्ष असू द्या. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बियांचेही तेच. त्या शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि एकाने खाल्ली की दहा पोरे खातात.

तणनाशक

शेवटी आपल्या जिल्ह्याची खास गोष्ट. माझ्या लहानपणी कुर्डू, केना, तांदुळजा निंदणाऱ्या बायांच्या ओट्यात असायचा. निंदण संपले की भाजी घरी. आता सोयाबीनच्या शेतात निंदण कमी आणि तणनाशक जास्त झाले आहे. तणनाशक मारलेले तण लगेच मरत नाही. ग्लायफोसेटसारखे औषध मुळापर्यंत जायला वेळ घेते. चार-पाच दिवस, कधी आठवडाभर कुर्डू हिरवागार, टवटवीत दिसतो. औषध पानाच्या आत गेलेले असते, मिठाच्या पाण्याने धुऊन ते निघत नाही. कपाशीच्या धुऱ्यावरच्या भाजीवर कीटकनाशकाचा फवारा पडलेला असतो, तो वेगळाच. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. तेच औषध धुऱ्यावरच्या तांदुळजावरही पडते.

आमच्याकडे येणाऱ्या एका मजूर बाईने मला यावर सोपा उपाय सांगितला. ती ज्या शेतात स्वतः कामाला जाते तिथलीच भाजी खुडते, कारण तिथे कधी काय मारले ते तिला माहीत असते. दुसऱ्याच्या शेतातली घेत नाही. शेतमालकांनी एवढे करावे : फवारणी केली की धुऱ्यावर एखादी चिंधी बांधावी आणि गावात तसे सांगून ठेवावे. बांधाचा एक कोपरा, विहिरीजवळचा तुकडा न फवारता सोडला तर घरची भाजी तिथून मिळेल. रस्त्याच्या कडेची, नालीच्या पाण्यावर वाढलेली घोळ तर अजिबात घेऊ नये. अशी घोळ कच्ची कोशिंबिरीत घातली की जंत आणि आव यांना आमंत्रणच.

दोन पत्रांना उत्तरे. रिसोडच्या एका भगिनीने विचारले आहे की गरोदरपणी करटुली आणि वाघाटी चालतात का. शिजवून, नेहमीच्या भाजीइतकी चालतात. मात्र आधी कधी न खाल्लेली रानभाजी गरोदरपणात पहिल्यांदा खाऊ नये, आणि टेकोडे तर त्या नऊ महिन्यांत नकोतच. कारंज्याच्या एका गृहस्थांनी बिब्ब्याची गोडंबी खावी का असे विचारले आहे. सोललेली, स्वच्छ गोडंबी थोडी खायला हरकत नाही. पण बिब्बा घरी फोडू नये. त्याच्या टरफलातले काळे तेल अंगाला लागले की भाजल्यासारखे फोड येतात, आणि डोळ्यात उडाले तर काय होते ते मी पाहिलेले आहे.